कायदा आणि अंमल यांमधील अंतर : युरोपीय स्पर्धा-कायद्याचा एक ऐतिहासिक विचार

कायद्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच कलमांकडे आणि निवाड्यांकडे जाते. कोणते कलम केव्हा अमलात आले आणि त्याचा अर्थ कोणत्या न्यायालयाने कसा लावला, एवढे सांगितले म्हणजे इतिहास पुरा झाला असे वाटते. बाजारपेठेतील स्पर्धेचे रक्षण करणाऱ्या कायद्याच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. हा कायदा ज्यांच्याविरुद्ध वापरावयाचा ते पक्ष धनाढ्य, जाणते व दीर्घकाळ वाट पाहू शकणारे असतात. ज्यांच्या हितासाठी वापरावयाचा ते ग्राहक विखुरलेले असतात, आणि आपले नुकसान झाले आहे हेही पुष्कळदा त्यांना ठाऊक नसते. म्हणून या कायद्याचे खरे सामर्थ्य कलमाच्या शब्दांत जितके असते, तितकेच ते पुरावा, मुदत, मनुष्यबळ आणि अधिकारक्षेत्र या रूक्ष वाटणाऱ्या गोष्टींत असते. युरोपात १९५१ पासून या कायद्याची जी वाटचाल झाली, तिचा या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या वाटचालीत ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांतील बहुतेक विस्मरणाने राहिल्या नसून तडजोडीने ठेवल्या गेल्या होत्या, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

(१) पूर्वपीठिका

एकाच मालाच्या उत्पादकांनी भाव, उत्पादनाचे प्रमाण किंवा विक्रीचे प्रदेश आपसांत ठरवून घेण्यासाठी केलेल्या संघास 'कार्टेल' म्हणतात. या शब्दाचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. 'लहान कागद' अशा अर्थाच्या इटालियन शब्दापासून तो निघाला, आणि युद्धरत पक्षांमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीसाठी होणाऱ्या लेखी करारास तो दीर्घकाळ लावला जात असे. प्रतिस्पर्ध्यांनी लढाई थांबवून केलेला लेखी करार, हा अर्थ उद्योगधंद्यांच्या क्षेत्रात जसाच्या तसा उतरला. या कराराकडे पाहण्याची दृष्टी मात्र अटलांटिकच्या दोन तीरांवर भिन्न होती. अमेरिकेत १८९० च्या शर्मन कायद्याने असे करार बेकायदा ठरविले. जर्मनीत १८९७ साली साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅक्सनीतील लाकडाच्या लगद्याच्या उत्पादकांचा करार वैध तर ठरविलाच, पण त्याचे पालन न करणाऱ्या सभासदाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्कही मान्य केला. याचा अर्थ असा की, कार्टेल मोडणाऱ्यास कायद्याचा धाक होता, कार्टेल करणाऱ्यास नव्हता. १९२३ च्या जर्मन अध्यादेशानेही कार्टेलवर बंदी घातली नाही. सरकारने केवळ त्याच्या दुरुपयोगावर देखरेख ठेवावी, एवढीच त्याची भूमिका होती.

'बंदी' आणि 'दुरुपयोगावर देखरेख' हे दोन विचार पुढील सर्व इतिहासात एकमेकांशी झगडताना दिसतात. पहिल्या विचारास जर्मनीत तात्त्विक अधिष्ठान दिले ते फ्रायबुर्ग येथील विद्वानांनी. वाल्टर ऑयकेन हे अर्थशास्त्रज्ञ आणि फ्रान्झ ब्यॉम हे विधिज्ञ त्यांचे अग्रणी होत. खासगी हाती एकवटलेली आर्थिक सत्ता ही राजसत्तेइतकीच स्वातंत्र्याला घातक ठरू शकते, आणि म्हणून स्पर्धेची चौकट राखणे हे राज्याचे घटनात्मक स्वरूपाचे कर्तव्य आहे, असे त्यांचे मत होते. महायुद्धानंतर लुडविग एर्हार्ड यांच्या पुरस्काराने १९५७ साली जर्मनीचा स्पर्धा-कायदा संमत झाला. तथापि उद्योगपतींच्या विरोधामुळे त्यात अनेक अपवाद घालावे लागले, आणि विलीनीकरणावर नियंत्रण आणण्यास तर १९७३ साल उजाडावे लागले.

(२) दोन करार आणि एक गाळलेले कलम

१८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिस येथे कोळसा व पोलाद समूहाचा करार झाला. त्याच्या ६५ व्या कलमाने कार्टेलवर बंदी घातली आणि ६६ व्या कलमाने कंपन्यांच्या एकत्रीकरणास पूर्वपरवानगीची अट घातली. या कलमांच्या मसुद्यात हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक रॉबर्ट बाऊई यांचा मोठा वाटा होता. रूरच्या खोऱ्यातील कोळसा-पोलादाचे सामर्थ्य पुन्हा मूठभर हाती जाऊ नये, ही फ्रान्सची चिंता त्यामागे होती.

२५ मार्च १९५७ रोजी रोम येथे आर्थिक समूहाचा करार झाला, तेव्हा परिस्थिती पालटली होती. ८५ व्या कलमाने प्रतिस्पर्ध्यांमधील करारांवर बंदी घातली, आणि त्याच कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हितकारक करारांना सूट ठेवली. ८६ व्या कलमाने बाजारपेठेतील प्रभुत्वाच्या दुरुपयोगास मनाई केली. (आजच्या करारात ही कलमे अनुक्रमे १०१ व १०२ या क्रमांकांची आहेत.) एकत्रीकरणाविषयी मात्र रोमच्या करारात एक अक्षरही नव्हते. सहा वर्षांपूर्वी तेच सहा देश एकत्र बसून पूर्वपरवानगीचे कलम लिहू शकले होते. तेव्हा ही गोष्ट त्यांना सुचली नाही असे म्हणता येत नाही. अमेरिकी कंपन्यांशी टक्कर देण्यासाठी युरोपीय कंपन्या मोठ्या झाल्या पाहिजेत, असे मत तेव्हा प्रबळ होते. ही पोकळी बुद्धिपुरस्सर ठेवलेली होती. तिची किंमत पुढे मोजावी लागली.

(३) कागदांचा पूर

बंदी कोणी व कशी अमलात आणावी हे रोमच्या करारात सांगितले नव्हते; ते नंतरच्या नियमावलीवर सोपविले होते. ही नियमावली, म्हणजे १९६२ चा सतरावा विनियम, हान्स फॉन डेअर ग्रोबेन हे स्पर्धाविषयक आयुक्त असताना तयार झाली. तिने ब्रुसेल्स येथील आयोगास दप्तरे तपासण्याचा आणि उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड करण्याचा अधिकार दिला. तिसऱ्या परिच्छेदातील सूट देण्याचा अधिकारही केवळ आयोगाकडेच ठेवला. ज्यांना सूट हवी त्यांनी आपला करार आयोगाकडे नोंदवावा, अशी योजना होती.

परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. थोड्याच अवधीत तीस हजारांहून अधिक करार नोंदणीसाठी आले. त्यांतील बहुसंख्य करार उत्पादक व विक्रेते यांच्यातील साधे वितरणाचे करार होते. जे चोरटे कार्टेल शोधून काढावयाचे होते, ते अर्थातच नोंदणीस आले नाहीत. मोजक्या अधिकाऱ्यांचे हात निरुपद्रवी कागदांत गुंतून पडले. पुढे विशिष्ट प्रकारच्या करारांना सरसकट सूट देणारे विनियम काढण्यात आले, आणि उरलेल्यांना 'आम्ही यात पुढे लक्ष घालणार नाही' अशा आशयाची दिलासापत्रे पाठविण्याची प्रथा पडली. दंडाचा अधिकार १९६२ साली मिळाला. पहिला दंड झाला तो १९६९ साली, क्विनीनच्या उत्पादकांना. मधली सात वर्षे हा कायदा मुख्यतः टपाल हाताळीत होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

(४) शब्दांचे साम्य आणि पुराव्याचा प्रश्न

त्याच वर्षी आयोगाने रंगद्रव्यांच्या दहा उत्पादकांना दंड केला. त्यांत एकेकाळच्या इ. गे. फार्बेन या अवाढव्य जर्मन संघाच्या वारसदार कंपन्या होत्या, स्वित्झर्लंडच्या होत्या आणि ब्रिटनची आय. सी. आय. ही होती. १९६४, १९६५ व १९६७ अशा तीन वेळा या कंपन्यांनी जवळजवळ एकाच दिवशी व एकाच प्रमाणात भाव वाढविले होते. लेखी करार उपलब्ध नव्हता. आयोगापाशी पुरावा होता तो वेगळ्या जातीचा : भाववाढीचे दर व तारखा यांचे साम्य, कंपन्यांनी आपापल्या उपकंपन्यांना धाडलेल्या आदेशांचे साम्य, आणि परस्परांतील अनौपचारिक गाठीभेटी. ऑगस्ट १९६७ मध्ये बाझल येथे झालेल्या बैठकीत एका कंपनीने आपला भाववाढीचा मनोदय इतरांसमक्ष सांगितला होता.

हा पुरावा पुरेसा आहे काय, हा प्रश्न ८५ व्या कलमातील एका शब्दप्रयोगावर येऊन ठेपला. त्या कलमात 'करार' व 'संघटनांचे निर्णय' यांखेरीज तिसरा प्रकार सांगितला आहे. फ्रेंच पाठात त्यास 'संगनमताचे व्यवहार' म्हटले आहे. जर्मन पाठात 'एकमेकांशी जुळवून घेतलेल्या वागणुकी' असे म्हटले आहे. कराराचे जर्मन, फ्रेंच, इटालियन व डच हे चारही पाठ सारखेच प्रमाण होते. फ्रेंच शब्दांत पूर्वी झालेल्या मसलतीचा ध्वनी आहे. जर्मन शब्दांत वाद्ये एका स्वरात लावावीत तशा जुळणीचा आहे. १४ जुलै १९७२ च्या निवाड्यात लुक्सेंबुर्गच्या न्यायालयाने या दोन अर्थच्छटांच्या मध्ये आपली व्याख्या बसविली. प्रत्यक्ष करारापर्यंत न जाताही कंपन्यांनी स्पर्धेतील जोखमीच्या जागी जाणूनबुजून परस्परसहकार्य आणले असेल, तर तो व्यवहार निषिद्ध ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. केवळ समान वागणूक हा स्वतः निर्णायक पुरावा नव्हे, परंतु बाजारपेठेच्या स्वाभाविक परिस्थितीशी न जुळणारी समानता हा सबळ संकेत होय, असेही त्याने सांगितले. दंड कायम झाला. त्याची रक्कम मात्र कंपनीमागे सुमारे पन्नास हजार लेखाएकक, म्हणजे जवळजवळ तितकेच डॉलर, एवढी अल्प होती.

या व्याख्येची मर्यादा १९९३ साली स्पष्ट झाली. लाकडाच्या लगद्याच्या खटल्यात न्यायालयाने तज्ज्ञांचे अहवाल मागविले, आणि भावांच्या समानतेचा संगनमताखेरीज अन्य उलगडा संभवतो असे ठरवून आयोगाचा निर्णय बहुतांशी रद्द केला. जेथे उत्पादक थोडे आणि भाव उघडे, तेथे एकमेकांशी न बोलताही भाव एकत्र चढू शकतात. ग्राहकाच्या खिशाच्या दृष्टीने दोहोंत काहीच भेद नाही. कायद्याच्या दृष्टीने एक गुन्हा आहे आणि दुसरे चातुर्य. ही पोकळी अद्यापि बुजलेली नाही. कदाचित ती बुजण्याजोगीही नसेल, कारण प्रतिस्पर्ध्याच्या भावाकडे पाहू नका असे कोणाही व्यापाऱ्यास सांगता येत नाही.

(५) खबर देणारा माणूस

पुरावा बाहेरून मिळत नसेल, तर तो आतून मिळाला पाहिजे. या सत्याची किंमत सर्वप्रथम एका व्यक्तीने मोजली. स्टॅन्ली ॲडम्स हे बाझल येथील हॉफमन-ला-रोश या औषधनिर्मिती कंपनीतील अधिकारी होते. १९७३ साली त्यांनी आयोगास पत्र लिहून कळविले की, जीवनसत्त्वांच्या बाजारपेठेत ही कंपनी मोठ्या गिऱ्हाइकांना निष्ठेच्या मोबदल्यात सूट देऊन बांधून ठेवीत आहे; सोबत त्यांनी कागदपत्रेही दिली. चौकशीच्या ओघात त्यांतील काही कागदांच्या प्रती आयोगाने कंपनीच्या हाती पडू दिल्या, आणि त्यांवरून खबर कोणी दिली याचा माग लागला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी स्वित्झर्लंडमध्ये शिरताना ॲडम्स यांना अटक झाली. ते कोठडीत असतानाच त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. स्विस न्यायालयाने त्यांना आर्थिक हेरगिरीबद्दल दोषी ठरविले.

इकडे खटला यशस्वी झाला. १९७६ साली आयोगाने कंपनीस तीन लाख लेखाएकक दंड केला; १९७९ साली न्यायालयाने तो दोन लाखांवर आणला, परंतु प्रभुत्वाच्या दुरुपयोगाचे तत्त्व उचलून धरले. तो निवाडा आजही या शास्त्राच्या पायाभूत निवाड्यांत गणला जातो. १९८५ साली न्यायालयाने असेही ठरविले की, खबर देणाऱ्याचे नाव गुप्त राखण्याचे कर्तव्य आयोगाने पाळले नाही, आणि धोक्याची चाहूल लागूनही त्यास सावध केले नाही. परंतु स्वतःच्या सुरक्षिततेबाबत ॲडम्स यांचीही हयगय झाली, सबब नुकसानीची निम्मी जबाबदारी आयोगाची. पाठ्यपुस्तकांत पहिल्या निवाड्यास जितकी पाने मिळतात, तितकी या दुसऱ्यास क्वचितच मिळतात. वस्तुतः दोन्ही एकत्रच वाचले पाहिजेत, कारण पहिला निवाडा दुसऱ्यातील माणसावाचून झालाच नसता.

खबर देणाऱ्या व्यक्तींना संरक्षण देणारा सर्वसाधारण निर्देश युरोपीय संघाने काढला तो २०१९ साली. मधल्या काळात आयोगाने निराळा मार्ग धरला. १९९६ साली, अमेरिकेच्या उदाहरणावरून, जी कंपनी प्रथम येऊन कार्टेलची कबुली देईल तिला दंडात सूट देण्याची योजना त्याने जाहीर केली, आणि २००२ साली ती अधिक निश्चित केली. व्यक्तीच्या जागी कंपनी आली, विवेकाच्या जागी हिशोब आला. योजना फलदायी ठरली यात शंका नाही. २००१ साली जीवनसत्त्वांच्याच कार्टेलबद्दल आठ कंपन्यांना मिळून ८५ कोटी ५२ लाख युरो दंड झाला, आणि त्यातील ४६ कोटी २० लाखांचा वाटा हॉफमन-ला-रोश हिचा होता. १९७९ च्या निवाड्यानंतर दहा-वीस वर्षांच्या आत तीच कंपनी त्याच मालाच्या बाजारपेठेत अधिक गंभीर अपराध करताना आढळली, एवढ्यावरून दोन लाखांच्या दंडाचा धाक किती होता याची कल्पना येते.

(६) विलीनीकरणाची पोकळी

१९५७ साली गाळलेल्या कलमाचा प्रश्न १९७१ साली उभा राहिला. काँटिनेंटल कॅन या अमेरिकी कंपनीने आधी डब्यांचा एक मोठा जर्मन उत्पादक आणि मग एक डच उत्पादक विकत घेतला. आयोगापाशी विलीनीकरणाचा कायदा नव्हता. म्हणून त्याने ८६ वे कलम उगारले. या कलमाच्या फ्रेंच व जर्मन पाठांत केवळ 'दुरुपयोग' हा शब्द नसून प्रभुत्वाचा 'अनुचित लाभ उठविणे' अशा अर्थाची रचना आहे. कंपनीचा युक्तिवाद असा होता की, लाभ उठविण्यासाठी प्रभुत्व हे साधन म्हणून वापरले गेले पाहिजे. दुसरी कंपनी विकत घेण्यास पैसा लागतो, प्रभुत्व लागत नाही. युक्तिवाद भाषेच्या दृष्टीने बिनतोड होता. न्यायालयाने २१ फेब्रुवारी १९७३ रोजी तो अमान्य केला. कलमाचा अर्थ कराराचे प्रयोजन व एकूण रचना ध्यानी घेऊन लावला पाहिजे, आणि उरलीसुरली स्पर्धा गिळून टाकणे हाही दुरुपयोगच, असे त्याने ठरविले. गंमत अशी की, तत्त्वात आयोग जिंकला आणि खटल्यात हरला; कारण संबंधित बाजारपेठ कोणती, हे त्याने नीट दाखवून दिले नव्हते.

त्याच वर्षी आयोगाने विलीनीकरणाच्या विनियमाचा मसुदा मांडला. तो संमत झाला २१ डिसेंबर १९८९ रोजी. सोळा वर्षे सदस्य-राष्ट्रे आपला अधिकार सोडण्यास राजी नव्हती. अखेरीस झालेल्या तडजोडीत आयोगाचे अधिकारक्षेत्र उलाढालीच्या आकड्यांनी बांधण्यात आले : सर्व पक्षांची मिळून जगभरची उलाढाल पाच अब्ज एकूहून अधिक, आणि निदान दोन पक्षांची समूहातील उलाढाल प्रत्येकी पंचवीस कोटी एकूहून अधिक असली पाहिजे. मोजमाप स्पष्ट होते. परंतु ज्या कंपनीचे महत्त्व तिच्या उलाढालीत दिसत नाही, ती या मापाच्या बाहेर राहिली.

ही दुसरी पोकळी अंकीय युगात उघडी पडली. २०१४ साली फेसबुकने व्हॉट्सॲप ही कंपनी सुमारे एकोणीस अब्ज डॉलरांना घेतली. तिची उलाढाल इतकी अल्प होती की, हे प्रकरण आयोगापुढे आपोआप आलेच नाही. काही राष्ट्रांच्या कायद्याखाली ते नोंदणीस पात्र असल्यामुळे, पक्षांच्याच विनंतीवरून ते आयोगाकडे वर्ग झाले, आणि त्याने संमती दिली. तेव्हा दिशाभूल करणारी माहिती पुरविल्याबद्दल पुढे २०१७ साली अकरा कोटी युरोंचा दंड झाला. संमती मात्र तशीच राहिली. जर्मनी व ऑस्ट्रिया यांनी २०१७ साली उलाढालीच्या जोडीस खरेदीच्या किमतीचे माप आणले. भारताच्या स्पर्धा-कायद्यातही २०२३ च्या दुरुस्तीने दोन हजार कोटी रुपयांचे असे माप आले, आणि ते सप्टेंबर २०२४ पासून लागू झाले. युरोपीय आयोगाने मात्र कायदा न बदलता जुन्या कलमाचा नवा अर्थ लावला : स्वतःस अधिकार नसलेली राष्ट्रेही लहान विलीनीकरणे आपल्याकडे पाठवू शकतात, अशी भूमिका घेऊन त्याने इल्युमिना व ग्रेल या कंपन्यांचे एकत्रीकरण रोखले. ३ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने हा अर्थ फेटाळला. उलट २०२३ सालच्या टॉवरकास्ट खटल्यात त्याच न्यायालयाने पन्नास वर्षांपूर्वीचे काँटिनेंटल कॅनचे तत्त्व पुन्हा जिवंत केले, आणि नोंदणीस अपात्र असलेल्या विलीनीकरणासही प्रभुत्वाच्या दुरुपयोगाचे कलम लागू शकते असे सांगितले. १९५७ चे मौन २०२४ सालीही बोलत होते, असेच म्हणावे लागते.

(७) विकेंद्रीकरण आणि विलंब

सतराव्या विनियमाची नोंदणीपद्धती १ मे २००४ रोजी संपुष्टात आली. त्याच दिवशी दहा नवी राष्ट्रे संघात आली, आणि राष्ट्रीय संस्था व न्यायालये यांनाही करारातील कलमे पूर्णांशाने अमलात आणण्याचा अधिकार मिळाला. कागदांचा पूर ओसरला. त्याऐवजी राष्ट्रीय संस्थांच्या असमान सामर्थ्याचा प्रश्न पुढे आला. कोठे संस्थेस पुरेसे स्वातंत्र्य नव्हते, कोठे परिणामकारक दंडाचा अधिकार नव्हता. या उणिवा दूर करण्यासाठी २०१९ चा निर्देश काढावा लागला. नुकसानभरपाईचीही तीच कथा. कार्टेलने नाडलेल्यास भरपाई मागता येते, हे न्यायालयाने २००१ साली मान्य केले. तिची रीत सुकर करणारा निर्देश २०१४ साली आला. मालमोटारींच्या उत्पादकांचे जे संगनमत १९९७ ते २०११ पर्यंत चालले होते, त्याबद्दल २०१६ साली २९३ कोटी युरोंचा दंड झाला. वाहतूकदारांचे भरपाईचे दावे त्यानंतर वर्षानुवर्षे निरनिराळ्या देशांच्या न्यायालयांत चालत राहिले.

विलंबाचे सर्वांत ठळक उदाहरण गूगलच्या खरेदी-शोध सेवेचे होय. चौकशी नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झाली. तडजोडीचे प्रयत्न फसल्यावर जून २०१७ मध्ये २४२ कोटी युरोंचा दंड झाला. अंतिम निवाडा सप्टेंबर २०२४ मध्ये लागला. आयोग सर्वत्र विजयी झाला. परंतु या चौदा वर्षांत ज्या लहान प्रतिस्पर्ध्यांचा व्यवसाय बुडाला, त्यांस या विजयाने बाजारपेठ परत मिळाली नाही. दुसऱ्या टोकास इंटेलचे प्रकरण आहे. २००९ साली या कंपनीस झालेला १०६ कोटी युरोंचा दंड, पुरेसे आर्थिक विश्लेषण नाही म्हणून, २०२२ साली रद्द झाला, आणि २०२४ साली आयोगाचे अपीलही फेटाळले गेले. पुरावा कसून तपासावा हे न्यायाचे तत्त्व आणि उपाय वेळेवर मिळावा हेही न्यायाचेच तत्त्व. या दोहोंत युरोपीय पद्धतीस समतोल साधता आला नाही, याची कबुली म्हणजेच २०२२ चा अंकीय बाजारपेठांचा कायदा होय. काही मोजक्या महाकाय कंपन्यांना त्याने आगाऊच निश्चित बंधने घातली. दुरुपयोग सिद्ध करण्याची वाट पाहिली नाही. एप्रिल २०२५ मध्ये त्याखालील पहिले दंड झाले : ॲपलला पन्नास कोटी आणि मेटाला वीस कोटी युरो.

(८) उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, कलमांच्या शब्दांत फारसा बदल न होताही या कायद्याचे स्वरूप पुनःपुन्हा पालटले; बदलले ते अंमलाचे साधन. दुसरी ही की, प्रत्येक सुधारणेने एक पोकळी भरताना दुसरी निर्माण केली : नोंदणीने निश्चिती दिली आणि तपास थांबविला, उलाढालीच्या मापाने स्पष्टता दिली आणि लहान पण मोलाच्या कंपन्या मोकळ्या सोडल्या, दंडमाफीने कार्टेल उघडकीस आणले, परंतु तपासास अपराध्याच्या कबुलीवर विसंबण्याची सवय लावली. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या पोकळ्यांचा भार कायदा करणाऱ्यांवर कधीच पडला नाही. तो पडला गिऱ्हाइकांवर, बुडालेल्या प्रतिस्पर्ध्यांवर आणि एका प्रसंगी तर खबर देणाऱ्या माणसाच्या कुटुंबावर. म्हणून स्पर्धा-कायद्याच्या अभ्यासकाने निवाडा वाचताना, कोणते तत्त्व प्रस्थापित झाले याबरोबरच ते प्रस्थापित होईपर्यंत किती वर्षे गेली आणि ती कोणाची गेली, हेही टिपून ठेवणे अगत्याचे आहे.